घाणेरी काही बकऱ्यांना बाधली, काहींना नाही. हे रक्तात असतं का?

कागलचा_माळ (धागालेखक)

राम राम मंडळी. आधीच सांगून ठेवतो, आमच्याकडं मेंढराला बकरं म्हणतात आणि शेळीला शेरडू. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी गोंधळू नये.

मी स्वतः एमआयडीसीत नोकरीला, पण घरची बकरी आहेत. आबा आणि धाकटा भाऊ सांभाळतात, लहानमोठी धरून १३० च्या आसपास. बहुतेक काळी, आपली दख्खनी. तीन वर्षांमागं आबांनी हौसेनं एक माडग्याळ जातीचा बकरा आणला, त्याची पोरं कळपात आहेत. शिवाय गेल्या दिवाळीनंतर जतच्या बाजूची सहा माडग्याळ मादी विकत घेतली.

यंदा मे महिन्यात तळ पन्हाळ्याच्या पायथ्याला होता. रान सगळं करपलेलं. दोन वळीव झाले आणि घाणेरी तेवढी तरारून हिरवी झाली. (टणटणी म्हणा हवं तर. लाल-केशरी फुलांची, हात लावला की वास येतो ती.) एरवी बकरी तिला तोंड लावत नाहीत. त्या दिवशी भुकेली होती, ओरबाडली. चौथ्या दिवसापासून एकेक मागं पडायला लागलं. खाणं बंद, रवंथ बंद, लेंड्या खडखडीत. मग कान सुजून लोंबायला लागले, डोळ्यांभोवतीची कातडी लाल होऊन फुटली. उन्हात उभी राहिनात, एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी.

एकूण अकरा आजारी. त्यातली नऊ पांढरी-तांबडी: सहाच्या सहा विकत घेतलेली आणि तीन आमच्याच माडग्याळ बकऱ्याची, घरात जन्मलेली. काळी फक्त दोन. पण मेली ती तीन, त्यात ती दोन्ही काळी.

आबा म्हणतात, "काळं आपल्या मातीचं, ते टिकतं. त्या दोघांची वेळ भरली होती." मला पटेना. एकाच रानात, एकाच दिवशी, तेच खाऊन काही पडतात आणि काही शेपूट हलवत फिरतात, म्हणजे रक्तात काही असणार की नाही? आणि असेल तर ते निवडून वाढवता येईल का? न्यूझीलंडात असलं काही करतात असं ऐकलंय. जाणकारांनी सांगावं.

तांबडा_पांढरा

विषय हार्ड आहे. 🐑 वाचतोय.

निवृत्त_पशुधन

तुमच्या बकऱ्यांचं वाईट वाटलं. ३१ वर्षं पशुसंवर्धन खात्यात काढली, त्यातली निम्मी शाहूवाडी-पन्हाळ्यात, त्यामुळे घाणेरीची केस दर उन्हाळ्यात ठरलेली.

आधी आत काय होतं ते सांगतो, म्हणजे तुमच्या आकड्यांचा अर्थ लागेल. घाणेरीत लँटाडीन नावाचं विष असतं. ते यकृतावर बसतं आणि पित्त वाहणं थांबवतं. आता गंमत बघा. हिरव्या पानातलं हरितद्रव्य जनावराच्या पोटात मोडतं तेव्हा त्यातून फायलोएरिथ्रिन नावाचं एक रंगद्रव्य निघतं. धडधाकट जनावर ते पित्तावाटे बाहेर टाकतं. पित्तच तुंबलं तर ते रक्तात साठतं, कातडीपर्यंत पोचतं, आणि वर ऊन पडलं की कातडी भाजते. म्हणजे कान सुजणं हा रोगाचा शेवटचा अंक आहे. खरा घाव यकृतावर.

म्हणून विचारतो: काळ्या बकऱ्यांच्या डोळ्याच्या पापण्या उलटून बघितल्या का कुणी? काळ्या कातडीतून ऊन आत शिरत नाही, त्यामुळं कान सुजत नाहीत, चेहरा फुटत नाही. यकृत मात्र तेवढंच बिघडलेलं असू शकतं. "काळं टिकतं" हे कातडीपुरतं खरं आहे. तुमची दोन काळी मेली ती बहुधा उशिरा ध्यानात आली म्हणून.

आज संध्याकाळीच पापण्या बघा. पिवळट दिसेल ते बाजूला काढून सावलीत ठेवा.

खोडवा

@निवृत्त_पशुधन, जबरदस्त. हे डार्विनलाही माहीत होतं. काही वनस्पतींच्या विषाचा परिणाम पांढऱ्या मेंढ्या-डुकरांवर रंगीत जनावरांपेक्षा वेगळा होतो, असं त्यानं १८५९ मध्येच नोंदवून ठेवलंय. फक्त तिथं रंगाचा मुद्दा होता, यकृताचा नव्हता.

गवताळ

एक शंका. विकतची सहाच्या सहा पडली, बरोबर? ती जतची. तिकडं दुष्काळी माळ, डोंगरातल्यासारखी घाणेरीची जाळी नाहीत. त्यांनी जन्मात ती पाहिलीच नसेल. कोकरू आईबरोबर चरताना काय खायचं आणि काय सोडायचं ते शिकतं. नव्या रानात आणलेलं जनावर हमखास फसतं. तेव्हा हा रक्ताचा नाही, शाळेचा प्रश्न आहे.

कागलचा_माळ

@गवताळ, मुद्दा मान्य. पण मग आमच्या घरची तीन? ती जन्मली इथं, आया काळ्या, चरायला शिकली इथंच.

गवताळ

त्यांची कातडी पांढरी. काका म्हणाले तसं, त्यांचं दिसलं. काळ्यांचं दिसलं नसेल. पापण्या बघितल्यावर बोलू.

हॅमिल्टनकर

मूळचा गडहिंग्लजचा, आता नऊ वर्षं न्यूझीलंडमध्ये डेअरी फार्मवर. ज्याबद्दल ऐकलंय म्हणता तो प्रकार आमच्या अंगणातला, म्हणून सविस्तर लिहितो.

इथल्या रोगाला "फेशियल एक्झिमा" म्हणतात. नाव फसवं आहे, कारण तोही कातडीचा रोग नाही, यकृताचाच. झाड मात्र वेगळं, किंबहुना झाड नाहीच, बुरशी आहे: पिथोमायसिस चार्टारम. राय गवताच्या बुडाशी जो वाळका पाला साठतो त्यावर ती वाढते. उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे इथल्या जानेवारी ते मेच्या दरम्यान, रात्री उबदार आणि दमट झाल्या की तिचे बीजाणू भसाभस वाढतात. मेंढी बुडापर्यंत चरते, ते पोटात जातात. त्यातलं विष स्पोरिडेस्मिन. ते पित्तनलिका सुजवून बंद करतं, आणि पुढची गोष्ट काकांनी सांगितली तीच, फायलोएरिथ्रिन आणि ऊन.

हे विष वेगळं काढलं गेलं १९५९ मध्ये, इथल्या रुआकुरा संशोधन केंद्रात. त्या कामात रिचर्ड सिंज हे ब्रिटनहून आलेले रसायनशास्त्रज्ञ होते, ज्यांना १९५२ चं नोबेल मिळालं होतं. नोबेलवाला माणूस मेंढराच्या सुजलेल्या कानामागं लागला होता, यावरून इथं मेंढीची किंमत काय ते कळावं.

आता तुमचा प्रश्न. शेतकऱ्यांना तुमच्यासारखंच दिसत होतं की एकाच कुरणात काही पडतात, काही नाही. १९७० च्या दशकात रुआकुरात रोमनी जातीचे दोन कळप वेगळे वाढवायला घेतले, एक विषाला दाद न देणाऱ्यांचा आणि एक चटकन बळी पडणाऱ्यांचा. पिढ्यागणिक दोघांतलं अंतर वाढत गेलं. हा गुण आईबापाकडून उतरतो हे त्यातून पक्कं झालं. आनुवंशिकता ०.४ च्या आसपास निघाली. म्हणजे जनावराजनावरांत जो फरक दिसतो त्यातला साधारण ४० टक्के रक्ताचा. हा आकडा लहान वाटेल, पण जुळी देण्याच्या गुणाची आनुवंशिकता ०.१ च्या आसपासच असते आणि तरी लोक त्यासाठी निवड करतातच.

निवड कशी करतात ते ऐका. १९८० च्या दशकापासून पैदाशीच्या नरांची चाचणी होते. नराला मोजून थोडं विष पाजतात आणि पुढच्या तीन आठवड्यांत रक्त तपासतात. यकृताला इजा झाली की रक्तात जीजीटी नावाचं एक एन्झाइम वाढतं. ज्याचं वाढलं नाही तो नर ठेवायचा. वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या नराचंही जीजीटी चढलेलं सापडतं, म्हणून कान बघून निवड करण्यात अर्थ नसतो. पिढ्या सुधारत गेल्या तशी काही पैदासकारांनी विषाची मात्राही चढवत नेली.

@गवताळ, तुमच्या शंकेचं उत्तर याच चाचणीत आहे. सगळ्यांना सारखंच विष, तेही घशात. कुणी काय खाल्लं, कुणाला आईनं काय शिकवलं, हा प्रश्नच उरत नाही. जो फरक उरतो तो यकृताचा.

चुलीवरची_भाकरी

मुक्या जनावराला मुद्दाम विष पाजायचं? आमच्या सासऱ्यांना हे सांगितलं तर काठी घेऊन मागं लागतील. बिरदेव बघतोय म्हणतील.

हॅमिल्टनकर

@चुलीवरची_भाकरी, वहिनी, टोचतंच ते. मात्रा कमी असते, पण जो नर कमजोर निघतो त्याच्या यकृताला इजा होतेच. एका नराची परीक्षा घेऊन त्याच्या शेकडो पोरांचं मरण टळतं, हा इथल्या लोकांचा हिशोब. तरी विष न पाजता, नुसत्या रक्तावरून ओळखता यावं यासाठी खटपट चालू आहे.

खोडवा

मग डीएनए टेस्ट करायची ना सरळ! फलटणला निंबकर संस्थेनं केलंच की. बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जीन दख्खनीत आणला, "नारी सुवर्णा" तयार केली. रक्ताचा थेंब दिला की जीन आहे की नाही ते कळतं.

हॅमिल्टनकर

तो फेकबी जीन. एकच जीन, आणि त्याचा परिणाम एवढा मोठा की मेंढी एकाऐवजी दोन देते. शोधायला सोपा. विष पचवण्याची ताकद अशी एका खिळ्यावर टांगलेली नाही. विष यकृतात कसं शिरतं, आत जाऊन किती जाळतं, ती जाळ विझवायला पेशीकडं काय आहे, अशा पन्नास ठिकाणी थोडंथोडं. अशा गुणाला एक टेस्ट पुरत नाही. कुणाचा बाप कोण आणि कुणाचं रक्त कसं आलं याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी लागतात. इथं त्या आहेत. म्हणून जमलं.

तांबडा_पांढरा

आमच्याकडं माणसांच्या जन्मनोंदी सापडेनात आणि हे बकऱ्यांच्या म्हणतायत.

माळावरची_शाळा

थोडं अवांतर, पण संबंध आहे. सगळीच सहनशक्ती रक्तात नसते, कधी पोटातही असते. सुबाभूळ आपल्याकडं सगळ्यांच्या बांधावर आहे. तिच्यात मिमोसिन असतं, जास्त खाल्ली तर मेंढीची लोकर गळते. ऑस्ट्रेलियात जनावरांना ती बाधायची, हवाईतल्या शेळ्या मात्र खाऊन खुशाल. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी शोधलं तर फरक शेळीत नव्हता, तिच्या पोटातल्या जिवाणूत होता. तो जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडला आणि त्यांनाही सुबाभूळ पचायला लागली. तेव्हा "टिकलं म्हणजे रक्त चांगलं" असं म्हणायच्या आधी दहा गोष्टी तपासाव्या लागतात.

निवृत्त_पशुधन

उत्तम उदाहरण. त्यालाच जोडून एक इशारा. हॅमिल्टनकरांनी सांगितलेली चाचणी बुरशीच्या विषाची आहे. घाणेरीचं विष निराळं. एकाला दाद न देणारं जनावर दुसऱ्यालाही देणार नाही असं गृहीत धरू नका. आणि ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांची बाधा तर पूर्ण वेगळी. तिथं सायनाइड असतं, यकृताला वेळच मिळत नाही, तासाभरात खेळ खलास.

शिरोळ_संगम

हॅमिल्टनकर, तिकडं औषध काय देतात? झिंक देतात असं वाचलं. आमच्या चुलत्यांनी मेडिकलमधून झिंकच्या गोळ्या आणून ठेवल्यात 😅

हॅमिल्टनकर

देतात, आणि त्यामागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. झिंकचा उपयोग होतो हे आधी ओळखलं ते ग्लॅडिस रीड नावाच्या एका शेतकरी बाईंनी. "ते आरोहा" नावाच्या गावाजवळ त्यांची शेती. आपल्या गाईंना झिंक देऊन त्यांनी फरक पाहिला आणि सांगत सुटल्या. शास्त्रज्ञांनी आधी उडवून लावलं. पुढं १९७० च्या दशकात रुआकुरातच प्रयोग झाले आणि बाईंचं खरं निघालं. १९८३ मध्ये त्यांना ओबीई हा सरकारी किताब मिळाला. आता गाईंना पिण्याच्या पाण्यातून देतात. मेंढ्या पाण्याच्या टाकीवर भरवशानं येत नाहीत, म्हणून त्यांच्या पोटात हळूहळू विरघळणारी मोठी गोळी सोडतात. पण ती विष पोटात जायच्या आधी द्यावी लागते. कान सुजल्यावर देऊन काही होत नाही.

निवृत्त_पशुधन

@शिरोळ_संगम, चुलत्यांना म्हणावं त्या गोळ्या कपाटातच राहू द्या. झिंक त्या बुरशीच्या विषावर चालतं. घाणेरीवर त्याचा भरवसा नाही, आणि झिंक जास्त झालं तर तेच विष होतं. घाणेरी खाल्ली असेल तर पहिला उपाय सावली. दुसरा, डॉक्टरांकडून ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे औषधी कोळसा, भरपूर पाण्यातून पाजून घेणे. घाणेरीनं पोटाची हालचाल थांबते, त्यामुळं खाल्लेला पाला तिथंच पडून राहतो आणि विष दिवसेंदिवस झिरपत राहतं. कोळसा ते धरून ठेवतो. चुलीतली राख नव्हे, कृपा करून.

कागलचा_माळ

मंडळी, बघितल्या पापण्या. कालची संध्याकाळ आणि आज पहाट.

भाऊ एकेक बकरं गुडघ्यात धरून बसला आणि मी मोबाईलच्या उजेडात अंगठ्यानं खालची पापणी ओढून बघत होतो. पहिली वीस-पंचवीस गुलाबी. मला वाटलं आबांचंच खरं. मग एक काळी मादी आली, खात-पीत होती, दूध देत होती, कुणाला शंका नाही. पापणी उलटली तर आत हळदीसारखं. आबा शेजारीच तंबाखू मळत होते, त्यांचा हात थांबला. एकूण पाच काळी पिवळी निघाली. वाघरातून वेगळी काढून छपरात बांधलीत, डॉक्टर येऊन गेले.

म्हणजे बाधलेली अकरा नाहीत, सोळा. नऊ पांढरी, सात काळी. आणि दोन आठवडे होऊन गेल्यावर बघतोय, मधे किती हलकी होऊन बरी झाली कोण जाणे.

गवताळ

घ्या. तुमचा अर्धा धागा इथंच निकालात निघाला. कळपात काळी जास्त आहेत, त्यामुळं प्रमाणात पांढरी अजून पुढंच. पण विकतची सहा बाजूला ठेवली तर घरची पांढरी तीन आणि काळी सात. एवढ्याशा आकड्यावरून मी तरी माडग्याळच्या रक्ताला नावं ठेवणार नाही.

रानवारा

पण मग ती पाच कुणाची लेकरं, ते बघा की. मुद्दा तिथं आहे.

कागलचा_माळ

@रानवारा, आबांना विचारलं. आबा कधी शाळेत गेले नाहीत, पण १३० बकऱ्यांची आई त्यांना तोंडपाठ. "ही मोरीची. ही बांडीची धाकटी. ही मोरीच्या लेकीची." पाचातली तीन मोरीच्या वंशाची निघाली! आणि मेलेल्या दोन काळ्यांतली एक मोरीची सख्खी लेक. मी उडालोच. आबा गप्प झाले. मग स्वतःच म्हणाले, मोरी असल्याच आजारानं गेली होती, चार वर्षांमागं, राधानगरीकडं तळ असताना. तेव्हा साप चावला म्हणून सोडून दिलं होतं.

बाप मात्र कुणाचाच माहीत नाही. कळपात तीन बकरे मोकळे असतात.

हॅमिल्टनकर

बाबांच्या डोक्यात अर्धी वंशावळ आहे की राव! तरी मोरीच्या लेकी-नाती एकत्र चरत असतील तर त्यांनी घाणेरीही एकत्रच खाल्ली असेल, तेवढी शंका ठेवा. पण इथला कुठलाही पैदासकार अशा घराण्यातला नर ठेवणार नाही. माद्या राहू द्या, त्यांचा नर कोकरू खाटकाला. आणि बापाची नोंद सुरू करा. एक नर वर्षभरात पन्नास लेकरांचा बाप होतो, मादी एकाची नाहीतर दोघांची आई. निवड नरावरच लवकर फळते.

निवृत्त_पशुधन

त्याला सोपी युक्ती आहे, रजिस्टर वगैरे नंतर. गेरू तेलात कालवून बकऱ्याच्या छातीला, पुढच्या दोन पायांच्या मधे, चोपडायचा. तो ज्या मादीवर चढेल तिच्या पाठीला डाग लागतो. तीन बकरे, तीन रंग. दर दोन-तीन दिवसांनी रंग परत लावायचा. पाच महिन्यांनी कोकरू पडलं की वहीत आईच्या नावापुढं बापाचं नाव. बकऱ्याला फिरवायला हाच हंगाम आहे, लगेच सुरू करा.

चुलीवरची_भाकरी

हे आवडलं. विष पाजण्यापेक्षा कितीतरी बरं.

शिरोळ_संगम

आणि पुढच्या मेमध्ये परत पन्हाळ्याला जाऊ नका म्हणजे झालं 🙏 वाळल्या उसाचा पाला आमच्याकडनं न्या, बकरी बसवा आमच्या रानात, खत होईल.

कागलचा_माळ

@शिरोळ_संगम, दादा, बसवायचा दर काय ते व्यनि करा. 😀

बाकी काकांची युक्ती आज केली. पहिल्या बकऱ्याला गेरू लावला, संध्याकाळी बघतो तर काही कळेना. काळ्या लोकरीवर गेरू दिसतच नाही! भाऊ म्हणाला चुना लावू, आबांनी त्याला झापलं, कातडी जळंल म्हणून. मग आबाच आत गेले आणि पट्टणकोडोलीच्या यात्रेतून आणलेली भंडाऱ्याची पिशवी घेऊन आले. आईनं ती हातातून काढून घेतली. देवाचा भंडारा बकऱ्याच्या छातीला चालणार नाही म्हणे. बराच वेळ वाद झाला. आबांचं म्हणणं, यात्रेत सगळं गाव पिवळं होतं, बकऱ्यानंच काय घोडं मारलंय.

शेवटी आईनं स्वयंपाकघरातली हळद दिली, पाव किलो. माडग्याळला हळद, थोरल्या काळ्याला भिंतीच्या पांढऱ्या रंगाची पावडर, आणि तिसरा सध्या बांधून ठेवलाय. तो मोरीचा नातू आहे.